फाईल आहे, पण सर्चला सापडत नाही: दर फॉरमॅटनंतर परत येणारा त्रास आणि त्यावरचा उपाय

मास्तरांनी सीपीयू खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून आणला होता. जुलै महिना, खानापूरला लागलेला पाऊस बेळगावातल्या शहापूरला, माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत, त्यांच्या मागोमाग आला होता. काउंटरवर पोतं सोडता सोडता म्हणाले, "बघ रे बाबा, ह्याचं सर्चच बंद पडलंय. तीनदा फॉरमॅट मारून झालं. चार दिवस बरं चालतंय, परत फाईल दाखवंनाच झालंय. तू एकदा नीट फॉरमॅट मारून दे."

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन आता गावच्या सोसायटीचं काम बघतात. वार्षिक सभा जवळ आलेली, आणि मागच्या एका अहवालातला ठराव त्यांना हवा होता. फाईल मशीनमध्येच आहे याची त्यांना खात्री होती. ती खात्री बरोबर होती. फॉरमॅट मारण्याची मात्र तेव्हाही गरज नव्हती आणि आधीच्या तीन वेळांनाही नव्हती.

ही तक्रार माझ्याकडे सतत येते. वकिलांचे कारकून येतात, लग्नपत्रिका करणारे येतात, गावच्या वाचनालयाची मुलं येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, "सर्च बिघडलंय." दहातल्या आठ वेळा सर्च बिघडलेलं नसतं. आपण त्याला जिथं बघायला सांगितलेलं नाही तिथं फाईल असते, नाहीतर फाईलच्या आत आपल्याला दिसतं ते मराठी आणि मशीनला दिसतं ते भलतंच काहीतरी, अशी गत असते. फॉरमॅटनं यातलं काहीच बदलत नाही, म्हणून त्रास परत परत येतो.

आधी पाच मिनिटांची परीक्षा

काहीही बदलण्याआधी हे करा. नोटपॅड उघडा, कुठंच नसलेला एखादा शब्द मराठीत टाईप करा. मी 'घोडेगिरणी' लिहितो. फाईल डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये 'चाचणी' नावानं सेव्ह करा. नोटपॅड जुन्या विंडोजवरचं असेल तर सेव्ह करताना खालच्या एन्कोडिंगच्या खान्यात 'यूटीएफ-८' निवडा. तिथं 'एएनएसआय' राहिलं तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं सेव्ह होतात आणि ती परत मराठी होत नाहीत. विंडोज १०च्या २०१९मधल्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ घेतं.

दोन-तीन मिनिटं थांबा. मग डॉक्युमेंट्स फोल्डर उघडून वर उजवीकडच्या खान्यात 'घोडेगिरणी' शोधा. 'चाचणी' फाईल समोर आली तर तुमचं सर्च जिवंत आहे, आतला मजकूरही वाचतंय. मग दोष फाईलच्या जागेत किंवा फाईलच्या पोटात शोधायचा. नाही आली तरच सर्चच्या यंत्रणेकडे वळायचं.

मास्तरांच्या मशीनवर 'चाचणी' लगेच सापडली.

डी ड्राईव्हची सवय

आपल्याकडे सगळ्यांना एक गोष्ट कुणीतरी शिकवलेली असते: "महत्त्वाचं डी ड्राईव्हमध्ये ठेवा, फॉरमॅट मारताना सी जातंय." सल्ला चांगला आहे. पण विंडोजचं सर्च सगळी मशीन आतून वाचत नाही. ते एक अनुक्रमणिका बनवून ठेवतं, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, आणि शोधताना त्या अनुक्रमणिकेत बघतं. नेहमीच्या 'क्लासिक' पद्धतीत त्या अनुक्रमणिकेत येतात ते डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक यांसारखे फोल्डर आणि डेस्कटॉप. डी ड्राईव्ह त्यात नसतो. तिथं जाऊन शोधलं तर विंडोज एकेका फाईलचं नाव चाळत बसतं, हळूहळू, आणि आतला मजकूर बघतच नाही.

मास्तरांचे 'चार दिवस' इथं उलगडले. फॉरमॅट झाल्यावर ते नवीन कागद डेस्कटॉपवर करत, ते सापडत. आठवडा संपला की सगळं नेटकेपणानं डी ड्राईव्हवरच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये हलवत, आणि तिथून पुढं सर्चच्या नजरेआड. शिस्तीच्या माणसालाच हा त्रास जास्त होतो, हे मला फार वाईट वाटतं.

उपाय असा. स्टार्टमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' लिहून उघडा, 'मॉडिफाय' दाबा, डी ड्राईव्ह उलगडा आणि कामाच्या फोल्डरवर खूण करा. अख्ख्या डी ड्राईव्हवर खूण करू नका. तिथं गाणी, सिनेमे, पोरांचे गेम, जुने बॅकअप असतात, ते वाचत बसण्यात मशीन दमते. मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की अनुक्रमणिकेत ४,००,०००पेक्षा जास्त नोंदी झाल्या की काम मंदावू शकतं. दुकान, सोसायटी, वकिलाचं ऑफिस यांना दोन-चार फोल्डर पुरतात. विंडोज १०च्या त्याच २०१९च्या अपडेटपासून 'एनहान्स्ड' नावाची पद्धतही आहे, ती सगळी मशीन वाचते. नवीन, दमदार मशीन असेल तर ती घ्या, चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनला त्या वाटेला नेऊ नका.

खूण केल्यावर लगेच शोधायला बसू नका. त्याच खिडकीत वर किती नोंदी झाल्या तो आकडा चढताना दिसतो. तुम्ही मशीन वापरत असाल तर विंडोज मुद्दाम सावकाश चालतं. रात्रभर चालू ठेवा. 'इंडेक्सिंग कंप्लीट' आलं की शोधा.

तिथंच 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'फाईल टाईप्स' नावाचा कप्पा आहे. वर्डची फाईल निवडून खाली फक्त 'प्रॉपर्टीज' आहे की 'प्रॉपर्टीज अँड फाईल कंटेंट्स' आहे ते बघा. पहिलंच असेल तर आतला मजकूर कधीच सापडणार नाही. छपाईची पानं मांडायच्या पेजमेकरच्या फाईली विंडोजला आतून वाचता येत नाहीत, आणि पत्रिकांच्या डिझाईनला वापरतात त्या कोरलमध्ये मजकूर कर्व्ह केला असेल तर फाईलमध्ये अक्षरं उरतच नाहीत, रेषा उरतात. पत्रिकावाल्यांनी तिथं फाईलच्या नावावरच भर द्यायचा.

जुन्या फॉन्टची गोष्ट

डी ड्राईव्ह जोडून झाला, रात्र गेली, सकाळी मी 'ठराव' शोधलं. नव्या दोन फाईली आल्या. जुने अहवाल एकही नाही. मास्तर समोरच्या स्टुलावर बसलेले. मी जुना अहवाल उघडला, त्यातला 'अहवाल' हा मोठ्या अक्षरातला शब्द माऊसनं निवडला आणि वर फॉन्टच्या खान्यात एरियल निवडलं. शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली. मास्तर ताडकन उठले. "अरे, गेलं की सगळं!" मी कंट्रोल-झेड दाबलं, शब्द परत आला, तेव्हा ते खाली बसले.

काही गेलं नव्हतं. ती खिचडीच त्या फाईलमध्ये पहिल्यापासून होती. फॉन्ट फक्त तिच्यावर मराठीचा मुखवटा चढवत होता.

हे नीट समजून घेतलं तर अर्धा त्रास कायमचा संपतो. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'गाव' लिहायला टाईप करणारा इंग्रजीतलं एक्स, के आणि ओ ही तीन अक्षरं दाबतो. फाईलमध्ये साठवली जातात ती हीच तीन. फॉन्ट एक्सच्या जागी 'ग', केच्या जागी काना आणि ओच्या जागी 'व' काढून दाखवतो. आपण डोळ्यांनी 'गाव' वाचतो, छापल्यावरही 'गाव'च येतं. सर्च मात्र डोळ्यांनी वाचत नाही, ते साठवलेली अक्षरं वाचतं. आज तुम्ही युनिकोड मराठीत, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, 'गाव' टाईप करून शोधलं तर ते त्या फाईलमध्ये नाहीच, त्यात आहे एक्स-के-ओ.

त्या फॉन्टना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, पण घरादारातल्या विंडोजवर ती नीट उमटायला लागली ती विंडोज २०००नं मंगल फॉन्ट दिल्यावर, आणि आपल्या भागातल्या दुकानांत ती रुळायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, कन्नडसाठी नुडी आणि बरह, यांच्यावर आपल्या सीमाभागाचा दोन भाषांतला सगळा कागद उभा राहिला. अडचण इतकीच की त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येकाचा तक्ता वेगळा.

तातडीचा उपाय आधी सांगतो. जुनी फाईल शोधायची असेल तर त्याच फॉन्टमधली दुसरी कुठलीही फाईल उघडा, हवा तो शब्द निवडून कॉपी करा आणि सर्चच्या खान्यात पेस्ट करा. खान्यात इंग्रजी खिचडी दिसेल, घाबरू नका, एंटर दाबा. जुन्या फाईली धडाधड समोर येतील. मास्तरांचा ठराव असाच सापडला. त्यांनी सांगितलेल्या विषयातला एक शब्द त्याच जुन्या फॉन्टमधल्या दुसऱ्या अहवालातून उचलला, पेस्ट केला, तिसरी फाईल तीच.

शब्द निवडताना एक काळजी घ्या. कृतीदेवमध्ये 'य' म्हणजे अर्धविराम आहे. सर्च अर्धविरामाला विरामचिन्ह समजतं आणि तिथं शब्द तोडतं. म्हणून 'विद्यालय', 'जयंती', 'कार्यकारिणी' असले शब्द घेतले तर कधी सापडतं, कधी नाही. 'य' नसलेला, जोडाक्षरं कमी असलेला शब्द उचला. 'ठराव', 'गाव', 'सभासद' चांगले.

कायमचा उपाय म्हणजे रूपांतर. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण तुमच्या नेमक्या फॉन्टचाच हवा. कृतीदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या मजकुरावर चालवला तर एका खिचडीची दुसरी खिचडी होते. मूळ फाईल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर काम करा. आणि आपल्या भागासाठी खास सांगतो: फाईलमध्ये मराठीच्या खाली कन्नड मजकूर असेल, जो सोसायटीच्या आणि पंचायतीच्या कागदात बहुतेक असतोच, तर पूर्ण फाईल एकदम कन्व्हर्ट करू नका. नुडीतला कन्नड भागही कन्व्हर्टरला इंग्रजी अक्षरंच वाटतो, तो त्याचं भलतंच मराठी करून टाकतो. उतारा उतारा निवडून करा. नंतर रफार, पहिली वेलांटी, 'ऱ्या', 'ऱ्हा' आणि आकडे डोळ्यांखालून घाला. रकमा असतील तर मूळ छापील कागद शेजारी ठेवून तपासा, सोसायटीच्या अहवालात एक शून्य इकडचं तिकडं झालेलं चालत नाही.

युनिकोड आहे, तरी सापडत नाही

आता हा भाग वकिलांच्या कारकुनांसाठी. 'ॲड.'मधलं 'ॲ' हे दिसायला एक अक्षर आहे, पण कीबोर्डप्रमाणे ते तीन तऱ्हेनं साठवलेलं असू शकतं. एक, 'ॲ' हे सलग अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दोन, 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. तीन, या दोघांच्या मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखीच, साठवण तिन्हींची वेगळी. 'कऱ्हाड', 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतल्या अर्ध्या 'र'चंही तेच, तो दोन तऱ्हेनं लिहिला जातो. एका कीबोर्डवर टाईप केलेलं दुसऱ्या कीबोर्डवरून शोधताना त्यामुळं हुकू शकतं. अशा वेळी ते अक्षर सोडून शोधा. 'ॲड.'ऐवजी आडनाव शोधा, 'कऱ्हाड'ऐवजी सोबतचा दुसरा शब्द.

यापेक्षा नेहमीचं म्हणजे आपल्या गावांची नावं. बेळगाव घ्या. जुन्या कागदात 'बेळगांव', कारण १९६२च्या लेखन-नियमांआधी ते अनुस्वार लिहीत आणि हाताची सवय नंतरही राहिली. हिंदी पत्रात 'बेलगाम'. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारी नाव बदलल्यावर कागदोपत्री 'बेळगावी' आणि 'बेलगावी'. खानापूरचं 'खानापुर', येळ्ळूरचं 'येल्लूर', 'यळ्ळूर' आणि 'येळूर'. सर्चला ही सगळी वेगळी गावं आहेत.

म्हणून शब्द पूर्ण लिहू नका, त्याचं डोकं लिहा. विंडोज सर्च शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवतं. 'बेळग' लिहिलं की बेळगाव, बेळगांव, बेळगावचा, बेळगावात, बेळगावी सगळे येतात. 'खानाप' लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच राहत नाही. मराठीत शब्द विभक्ती लागताना आतूनही बदलतो, त्यावरही हाच तोडगा: 'शाळा' शोधलं तर 'शाळेत' येत नाही, 'शाळ' शोधलं तर दोन्ही येतात. 'रस्ता'ऐवजी 'रस्त'. सुरुवातच वेगळी असेल, जसं बेळगाव आणि बेलगाम, तर दोन्ही शब्द लिहून मध्ये इंग्रजी 'ऑर' कॅपिटल अक्षरात लिहा.

माझ्या काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक कागद आहे, सहा वर्षांपूर्वी लॅमिनेट केलेला. त्यावर चाळीस गावांची नावं एकाच ठरलेल्या रूपात आहेत: येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी, किणये, बेळगुंदी, नंदगड, जांबोटी, कणकुंबी. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी मी तो वाचायला देतो. गिऱ्हाईक बोलतं तसं फाईलचं नाव द्यायचं नाही, भिंतीवर आहे तसं द्यायचं. आधी वर्ष, मग महिना, मग गाव, मग काम. एवढ्या एका कागदानं आमचे शोधण्यातले तास वाचवले आहेत.

मोबाईलवर स्कॅन केलेल्या पीडीएफबद्दल थोडक्यात. ती पीडीएफ म्हणजे फोटो आहे, त्यात शोधायला अक्षरं नाहीत. ती गूगल ड्राईव्हवर टाकून 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्समध्ये उघडली तर छापील मराठी अक्षरं ओळखून मजकूर तयार होतो. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअरही मराठी ओळखतं. खासगी कागद असतील तर ते नेटवर न पाठवता टेसरॅक्टनं मशीनवरच करा. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल मात्र आधी डाउनलोड करून कामाच्या फोल्डरमध्ये नीट नाव देऊन ठेवा. ॲपच्या पोटातल्या ॲपडेटा फोल्डरला विंडोजची अनुक्रमणिका हात लावत नाही.

परीक्षेतच नापास झालं तर

'घोडेगिरणी' सापडलीच नाही, तर यंत्रणा बघायची. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' उघडा, 'विंडोज सर्च' ही ओळ शोधा. ती बंद असेल, समोर 'डिसेबल्ड' लिहिलं असेल, तर कुणीतरी ती बंद केलेली आहे. बहुतेक वेळा हे काम 'मशीन फास्ट करणारं' एखादं सॉफ्टवेअर करतं, किंवा डिस्क शंभर टक्के दिसली म्हणून कुणी हातानं. डबल क्लिक करून 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' निवडा आणि 'स्टार्ट' दाबा. ते फास्टवालं सॉफ्टवेअर मशीनवरून काढून टाका, नाहीतर पुढच्या आठवड्यात ते सर्च पुन्हा बंद करेल आणि तुम्ही पुन्हा फॉरमॅटला याल. जुनी हार्ड डिस्क असेल तर सर्चचा भार खरंच जाणवतो, हे मी नाकारत नाही. पण त्यावर सर्च मारून टाकणं हा उपाय नव्हे. फोल्डर कमी करा, आणि जमेल तेव्हा एसएसडी बसवा.

सर्व्हिस चालू आहे, तरी सापडत नाही, तेव्हा अनुक्रमणिका बिघडलेली असते. आपल्याकडे याचं मोठं कारण लाईट. वळवाचा पहिला वारा सुटला की करंट जातो, येतो, पुन्हा जातो. अनुक्रमणिकेची फाईल, विंडोज १०मध्ये विंडोज.ईडीबी आणि नव्या विंडोज ११मध्ये विंडोज.डीबी, सतत लिहिली जात असते. लिहिता लिहिता मशीन धाडकन बंद झाली तर ती बहुतेकदा सावरते, पण नेहमी नाही. सी ड्राईव्ह भरला असेल तरीही ती लिहिता येत नाही, तेवढं आधी बघा. मग 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये 'ॲडव्हान्स्ड', त्यात 'रिबिल्ड'. जुनी अनुक्रमणिका पुसून नवी बनते. तुमच्या फाईलींना काही होत नाही. पूर्ण होईपर्यंत निकाल अर्धवट येतील, म्हणून मधेच "अजून सापडत नाही" म्हणून पुन्हा रिबिल्ड दाबू नका. दर वेळी काम पहिल्यापासून सुरू होतं. पावसाळ्यात दर महिन्याला रिबिल्ड करावं लागत असेल तर आधी यूपीएसची बॅटरी बदला.

फक्त नावावरून फाईल शोधायची असेल तर 'एव्हरीथिंग' हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. एनटीएफएस ड्राईव्हवर, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या ड्राईव्हवर, विंडोज स्वतः सगळ्या फाईलींची नोंदवही ठेवतं, हे सॉफ्टवेअर तीच थेट वाचतं, म्हणून डी ड्राईव्ह असो की ई, अक्षर टाईप करता करता यादी समोर येते. आतला मजकूर मात्र ते सहसा बघत नाही. एफएटी३२ पद्धतीचा पेनड्राईव्ह ते आपोआप घेत नाही, त्याचा फोल्डर सेटिंगमध्ये जोडावा लागतो. मजकुरासाठी 'डॉकफेचर' बघा, तेही फुकट आहे. फोल्डर दाखवला की त्याची वेगळी अनुक्रमणिका बनवतं, वर्ड, ओपन ऑफिस, पीडीएफ वाचतं. माझ्या दुकानात हे दोन्ही आहेत आणि विंडोजचं सर्च मी फक्त दोन फोल्डरपुरतं ठेवलंय.

उजवीकडची पट्टी

मास्तरांची शेवटची मागणी वेगळीच होती. "ती उजवीकडं पट्टी असायची बघ, घड्याळ, कॅलेंडर, टिपणं, आणि तिथंच शोधायचं. ती परत लावून दे."

मला ती पट्टी चांगली आठवते. गूगल डेस्कटॉप २००४च्या ऑक्टोबरमध्ये आलं आणि २००५मध्ये त्याला साईडबार जोडला गेला. कंट्रोल दोनदा दाबलं की शोधायचा खाना उघडायचा. निकाल ब्राउझरमध्ये दिसत, पण ते पान नेटवरचं नसायचं, तुमच्याच मशीनमधून यायचं, म्हणून नेट बंद असलं तरी चालायचं. नेट तासावर विकत घ्यायच्या त्या दिवसांत ती सोय आम्हाला केवढी वाटायची! २०११च्या सप्टेंबरमध्ये गूगलनं ते बंद केलं. तेव्हापासून त्यात एकही सुधारणा, एकही सुरक्षा-दुरुस्ती नाही. त्याचं जुनं सेटअप अजून कुणाकुणाच्या पेनड्राईव्हवर फिरतं. ते लावू नका. तुमचे सगळे कागद आतून वाचणारं सॉफ्टवेअर वाऱ्यावर सोडलेलं असावं, हे धोक्याचं आहे.

विंडोजची स्वतःची पट्टीही तशीच गेली. व्हिस्टात २००७ साली साईडबार आला, विंडोज ७मध्ये पट्टी जाऊन तिच्यावरची घड्याळ-कॅलेंडरसारखी गॅजेट सुटी झाली, आणि जुलै २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं की गॅजेटमधून मशीनवर कब्जा होऊ शकतो, ती बंद करा. विंडोज ८पासून ती नाहीतच. ती परत आणून देणारी पॅकेजं मिळतात. हिशेबाच्या मशीनवर मी ती लावत नाही.

विंडोज ११वर विंडोज आणि डब्ल्यू दाबलं की विजेट्सची पाटी येते. टास्कबारवर तिची खूण नसेल तर 'पर्सनलायझेशन', 'टास्कबार'मध्ये विजेट्स चालू करा. पाटी उघडते पण कोरीच राहते, अशी तक्रार असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'विंडोज वेब एक्सपिरियन्स पॅक' अपडेट करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. तिला नेट लागतं. हवामान भलत्याच गावाचं दाखवत असेल तर त्या चौकोनाच्या तीन टिंबांमधून गाव बदला.

नेट नसलेल्या मशीनला 'रेनमीटर' लावतो. घड्याळ, तारीख, डिस्कमधली उरलेली जागा, सगळं उजवीकडं मांडता येतं. त्यात मराठी वार लिहिले की पडद्यावर चित्रविचित्र अक्षरं येतात, ही तक्रार मला तीन जणांकडून आली. कारण फॉन्ट नाही. त्या स्किनची, म्हणजे रेनमीटरमधल्या त्या मांडणीची, 'आयएनआय' फाईल नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-१६ एलई' करा आणि स्किन रिफ्रेश करा, 'सोमवार' नीट 'सोमवार' दिसेल. टिपणांना विंडोजचं 'स्टिकी नोट्स' पुरतं. मास्तरांच्या मशीनवर मी हेच लावून दिलं, आणि 'एव्हरीथिंग' टास्कबारवर पिन केलं.

एवढं करूनही एखादी फाईल सापडत नसेल तर पावसात सीपीयू घेऊन येऊ नका. ज्या फाईलसारखी फाईल सापडत नाही अशी एक जुनी फाईल पेनड्राईव्हवर आणा, तिच्यातला हवा असलेला एक शब्द कागदावर लिहून आणा, आणि 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'च्या खिडकीचा एक फोटो मोबाईलवर काढून आणा.